पाच जणांचे गाणे आणि एकाचे नाव

अनेकांच्या हातून एकत्र घडलेल्या कृतीचा कर्ता कोणाला म्हणायचे, हा प्रश्न तत्त्वचिंतनात फार जुना आहे. परंतु ग्रंथांच्या बाहेर तो आजही ज्या मोजक्या ठिकाणी तळमळीने विचारला जातो, त्यांपैकी एक म्हणजे रॉक संगीताच्या चाहत्यांचे वर्तुळ होय. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर गाण्याच्या शीर्षकाखाली बारीक अक्षरांत छापलेले श्रेयनाव, म्हणजे हे गाणे अमुकाने रचले अशी नोंद, हा त्या चर्चेचा विषय असतो. आणि ज्यांचा त्या नोंदीशी कसलाही व्यावहारिक संबंध नाही अशी माणसे तिच्यापायी वर्षानुवर्षे पुरावे गोळा करतात, आत्मचरित्रांतील विधाने एकमेकांशी ताडून पाहतात आणि मैफलींची ध्वनिमुद्रणे पुन्हा पुन्हा ऐकतात. हा रिकामपणचा उद्योग समजला जातो, पण ते योग्य नाही. या वादात कर्तृत्व, स्वामित्व आणि ऋण या तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि त्या सुट्या करून पाहिल्या म्हणजे लक्षात येते की चाहते ज्याचा शोध घेत असतात ते न्यायालयाच्या निकालाने मिळत नाही आणि वेष्टनावरील नाव बदलल्यानेही मिळत नाही.

या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण म्हणजे 'द बँड' हा संच. अर्कान्सास राज्याच्या कापसाच्या शेतांत वाढलेला ड्रमवादक व गायक लीव्हॉन हेल्म, आणि कॅनडातील रॉबी रॉबर्टसन, रिक डॅन्को, रिचर्ड मॅन्युएल व गार्थ हडसन हे पाच जण गायक रॉनी हॉकिन्स याच्या साथीला एकत्र आले, पुढे १९६५-६६ मध्ये बॉब डिलनच्या दौऱ्यांत त्यांनी साथ केली, आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉकजवळ एका गुलाबी घराच्या तळघरात डिलनबरोबर गाणी बसवता बसवता त्यांना स्वतःचा सूर सापडला. डिलनच्या दौऱ्यातून मध्येच निघून गेलेला हेल्म त्या वर्षाच्या अखेरीस परतला. १९६८ साली निघालेल्या 'म्युझिक फ्रॉम बिग पिंक' या पहिल्या अल्बममध्ये अकरा गाणी होती. त्यांपैकी चारांवर रॉबर्टसनचे नाव होते, चारांवर मॅन्युएलचे (त्यांतील एका गाण्यात डिलनसह), आणि एकावर डॅन्को व डिलन यांचे. १९६९ च्या दुसऱ्या अल्बममध्ये, ज्याचे नावच 'द बँड' असे होते, बाराही गाण्यांवर रॉबर्टसनचे नाव आले. आठांवर ते एकटे होते, तीन गाण्यांत मॅन्युएलचे नाव जोडीला होते आणि एका गाण्यात हेल्मचे. पुढे मॅन्युएलचे नाव रचनाकार म्हणून दिसेनासे झाले. एका वर्षाच्या अंतराने छापलेल्या या दोन याद्यांमध्ये जे घडले, त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न म्हणजे या संचाच्या चाहत्यांमधील अर्धशतकाचा वाद होय.

या श्रेयनावाला एवढे महत्त्व का यावे, हे समजण्यासाठी त्यामागील आर्थिक व्यवस्था पाहावी लागते. ध्वनिमुद्रित गाण्यात कायद्याच्या दृष्टीने दोन वेगवेगळ्या वस्तू असतात: एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल, आणि दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे त्या रचनेचा विशिष्ट दिवशी विशिष्ट माणसांनी केलेला आणि टेपवर उतरलेला आविष्कार. अमेरिकेत रेडिओवर गाणे वाजले की रचनाकाराला मानधन, म्हणजे रॉयल्टी, मिळते. वाजवणाऱ्याला आणि गाणाऱ्याला त्या प्रसारणाचे काहीही मिळत नाही. दुसऱ्या कोणी तेच गाणे गायिले तरी पैसा रचनाकाराकडेच जातो. १९६९ मध्ये अरीथा फ्रँकलिनने 'द वेट' गायिले, १९७१ मध्ये जोन बाएझच्या आवाजातील 'द नाइट दे ड्रोव्ह ओल्ड डिक्सी डाउन' अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले, आणि ही दोन्ही गाणी ज्याच्या कंठाने जगाला प्रथम ऐकवली त्या हेल्मच्या वाट्याला त्यातून रचनाकाराचे काही येण्याचे कारण नव्हते. १९९८ मध्ये हेल्मला घशाचा कर्करोग झाला. त्यानंतर उपचारांचा खर्च भागवण्यासाठी त्याला वुडस्टॉकमधील आपल्या लाकडी कोठारवजा घरात मैफली भरवाव्या लागल्या. श्रेयनावाचा प्रश्न हा असा म्हातारपणाच्या भाकरीपर्यंत जाऊन पोहोचतो, आणि म्हणूनच तो केवळ मानापमानाचा राहत नाही.

दोन्ही पक्ष त्यांच्या सर्वांत समर्थ रूपात मांडले पाहिजेत. हेल्मने १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात असे म्हणणे मांडले की ही गाणी एका खोलीत, सर्वांच्या सहवासात, तालमीच्या ओघात आकाराला आली. शब्द एकाने लिहिले असतील, पण गाणे म्हणून जे उभे राहिले ते पाचांनी उभे केले, आणि त्याचे उत्पन्न एका नावाकडे वळवणे हा सोबत्यांवरील अन्याय होता. रॉबर्टसनची भूमिका अशी की रचना हे एकांतातील कष्टाचे काम आहे. ते रोज करावे लागते, ते करण्यापासून त्याने कोणाला अडवले नव्हते, आणि इतरांनी, विशेषतः मॅन्युएलने, लिहावे यासाठी त्याने प्रयत्नही केले. या भूमिकेला 'व्हिस्परिंग पाइन्स' या गाण्याचा आधार आहे. त्याची चाल मॅन्युएलची होती, शब्द रॉबर्टसनने पुरे केले, आणि नोंद दोघांच्या नावे झाली. म्हणजे दुसऱ्याची चाल होती तेथे तिची नोंद घेतली गेली, एवढे तरी मान्य करावे लागते. दोन्ही पक्ष खरे बोलत असूनही वाद मिटत नाही, तेव्हा ते एकाच वस्तूविषयी बोलत आहेत काय, हे तपासणे आवश्यक ठरते.

ही तपासणी करण्यासाठी न्यायदर्शनाने घडवलेले एक साधन फार उपयोगी पडते. नैयायिकांच्या मते कार्याच्या आधी जे नियमाने उपस्थित असते आणि जे अन्यथासिद्ध नसते, तेच कारण होय. अन्यथासिद्ध म्हणजे जे कार्यापूर्वी हजर असते खरे, पण ज्याच्यावाचून कार्य अडत नाही किंवा ज्याचा कार्याशी संबंध दुसऱ्या कशाच्या तरी द्वारा असतो असे. घट घडण्यास माती, चाक, दंड आणि कुंभार ही कारणे आहेत; परंतु माती वाहून आणणारे गाढव, कुंभाराचा बाप आणि दंडाचा रंग ही अन्यथासिद्धे होत, कारण माती दुसऱ्या मार्गानेही आली असती आणि दंड कोणत्याही रंगाचा चालला असता. याखेरीज न्यायमतात कारणाचे तीन प्रकार मानले जातात: माती हे समवायी कारण, म्हणजे ज्यात कार्य राहते ते द्रव्य, घटाच्या दोन अर्धांचा संयोग हे असमवायी कारण, आणि कुंभार हे निमित्तकारण.

श्रेयनावाची रूढ पद्धत ड्रमचा ठेका, गायकाच्या आवाजाचा पोत आणि वाद्यांची परस्परांतील गुंफण यांना नकळत अन्यथासिद्धांच्या पंक्तीला बसवते. ठेका या वादकाने धरला नसता तर दुसऱ्याने धरला असता, असे तिचे गृहीतक असते. हे गृहीतक सर्वस्वी चुकीचे म्हणता येत नाही. 'द वेट' हे गाणे हेल्मच्या ठेक्यावाचून आणि आवाजावाचून अनेकांनी गायिले, आणि तरीही ते ऐकणाऱ्याला 'द वेट' म्हणूनच ओळखू आले. पण १९६८ च्या मूळ मुद्रणाकडे लक्ष दिले तर चित्र पालटते. त्यात हेल्मचा रांगडा दक्षिणी आवाज एकेक कडवे सांगत जातो, एक कडवे डॅन्को आपल्या कातर, उंच स्वरात उचलतो, आणि प्रत्येक ध्रुवपदाच्या शेवटी तीन आवाज एकदम न येता एकामागून एक, पायऱ्या चढावेत तसे, एकाच शब्दावर येऊन मिळतात. एकाच्या खांद्यावरील ओझे दुसऱ्यावर देण्याची ही गोष्ट आहे, आणि तो अर्थ त्या पायरी-पायरीने येणाऱ्या आवाजांतच मूर्त होतो. या मुद्रणाला जर कार्य मानले, तर ते तीन कंठ अन्यथासिद्ध राहत नाहीत, आणि त्यांचा तो संयोग तर शुद्ध असमवायी कारण ठरतो. असे असूनही ज्याला सर्वसाधारणपणे संगीत संयोजन म्हणतात त्या जुळणीला श्रेयनावात स्थान मिळाले नाही.

यावरून असे दिसते की हेल्म आणि रॉबर्टसन यांच्या पक्षांत कारणांविषयी फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो कार्य कशाला म्हणावे याविषयी. रॉबर्टसनसाठी कार्य म्हणजे शब्द आणि चाल यांची ती आकृती, जी कोणीही पुन्हा गाऊ शकतो. हेल्मसाठी कार्य म्हणजे ते नादरूप, जे त्या पाच जणांशिवाय कोणाकडूनही निघाले नसते. चाहते ज्याच्यावर प्रेम करतात ते बहुतेक वेळा दुसऱ्या अर्थाचे गाणे असते, आणि कायदा ज्याला ओळखतो ते पहिल्या अर्थाचे. 'रॅग मामा रॅग' या दुसऱ्या अल्बममधील गाण्यात मॅन्युएल पियानो सोडून ड्रमवर बसला, हेल्मने मॅन्डोलिन घेतले, डॅन्कोने बास गिटार ठेवून फिडल उचलले, हडसनने पियानो घेतला आणि बासच्या जागी निर्माता जॉन सायमन याने ट्यूबा हे पितळी वाद्य फुंकले. या अदलाबदलीतून जो डुलता, खोडकर नाद निर्माण झाला तोच त्या गाण्याचा प्राण आहे. श्रेयनाव मात्र एकट्या रॉबर्टसनचे आहे, आणि शब्द-चाल एवढ्याच अर्थाने घेतले तर ते चूकही नाही.

कार्याची सीमा कोठे आखली जाते यावर कर्त्याचे नाव किती अवलंबून असते, हे 'चेस्ट फीवर' या गाण्याच्या इतिहासात अगदी स्पष्ट होते. पहिल्या अल्बममधील हे गाणे हडसनच्या ऑर्गनने उघडते. बाखच्या डी मायनरमधील टोकाटा आणि फ्यूगच्या ओळखीच्या घोषाने सुरू होऊन तो ऑर्गन लगेच स्वतःच्या वाटेने निघतो, आणि श्रोत्याच्या स्मरणात गाण्याच्या शब्दांपेक्षा तोच अधिक राहतो. तरीही १९६८ च्या नोंदीत गाणे रॉबर्टसनच्या नावे आहे. पुढे मैफलींत हडसन हा आरंभ वाढवत गेला. कधी चर्चमधील प्रार्थनासंगीत, कधी लोकधुना, कधी जॅझ अशा वळणांनी तो दर वेळी नवा होऊ लागला. १९७१ च्या डिसेंबरअखेरीस न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये झालेल्या मैफली 'रॉक ऑफ एजेस' या नावाने १९७२ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा या विस्ताराला 'द जेनेटिक मेथड' असे वेगळे शीर्षक मिळाले आणि त्याखाली हडसनचे नाव आले. माणूस तोच, वाद्य तेच आणि गाण्याच्या दारातील जागाही तीच. मात्र शीर्षकाची एक रेघ मध्ये आखली गेली आणि जे पूर्वी साथ होते ते रचना ठरले. कर्तृत्व हे वस्तूत आयते पडलेले नसून वस्तूचे विभाजन कसे केले जाते यावरही ते ठरते, हे यावरून कळते.

असेच विभाजन करण्याची पाळी इंग्लंडच्या न्यायालयांवर आली ती 'प्रोकॉल हारम' या संचाच्या 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' या १९६७ च्या गाण्याच्या बाबतीत. हे गाणे गायक गॅरी ब्रुकर आणि गीतकार कीथ रीड यांच्या नावे होते. त्यातील जगप्रसिद्ध ऑर्गन मात्र मॅथ्यू फिशर याने रचून वाजवला होता. २००५ मध्ये, म्हणजे तब्बल अडतीस वर्षांनी, फिशरने दावा दाखल केला. गाणे आपण संचात येण्यापूर्वीच तयार होते, ही ब्रुकरची बाजू होती. २००६ च्या डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनी फिशरला सहरचनाकार मानून संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा दिला. २००८ मध्ये अपील न्यायालयाने त्याचे रचनाकारत्व कायम ठेवले, पण दाव्यास झालेल्या विलंबामुळे आर्थिक वाटा नाकारला. आणि जुलै २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो वाटा एकमताने परत दिला, मात्र दावा दाखल झाल्यापासूनच्या काळापुरता.

या निकालाने एक अन्याय दूर झाला यात शंका नाही. पण तो का दूर होऊ शकला हेही ध्यानात घ्यावे लागते. फिशरचे योगदान ही स्वतंत्र ओळखू येणारी, स्वरलिपीत उतरवता येणारी धून होती. ड्रमवादक ठोका किंचित मागे खेचतो आणि त्यामुळे गाण्याला जी ऐट येते, गायक एखाद्या शब्दावर जो भार देतो, एका वादकाचे थांबणे दुसऱ्याला जी वाट करून देते, त्यांना स्वरलिपीत जागा नाही. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याखाली अप्रकाशित गाण्याच्या नोंदणीसाठी कागदावरील स्वरलिपी दाखल करावी लागे, आणि २०२० मध्ये 'लेड झेपेलिन' संचाच्या 'स्टेअरवे टू हेवन' विषयीच्या खटल्यात अपील न्यायालयाने त्या काळच्या रचनेच्या संरक्षणाची मर्यादा त्या कागदापुरतीच मानली. परिणामी, जी संगीतपरंपरा कागदावर वाढली तिच्यातील निर्मितीला कायदा पाहू शकतो, आणि जी कानाने, हाताने आणि सहवासाने वाढली तिच्यातील निर्मिती त्याच्या नजरेतून सुटते. हेल्म हा या दुसऱ्या परंपरेचा माणूस होता.

येथे भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील कर्मविचार स्वाभाविकपणे आठवतो. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यासाठी पाच कारणे लागतात असे तेथे सांगितले आहे: अधिष्ठान म्हणजे कर्माचे आश्रयस्थान, कर्ता, करण म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव, म्हणजे माणसाच्या हाती नसलेले जे काही असेल ते. हे पाच असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी अपुरी, असा त्यावरील निष्कर्ष आहे. त्या गुलाबी घराचे तळघर, तेथील एकत्र जगणे, हातांत पडलेली वाद्ये, वर्षानुवर्षांच्या दौऱ्यांनी एकमेकांच्या श्वासांची झालेली ओळख, आणि हे पाच जण परस्परांना भेटावेत हा योग, या सर्वांचा विचार केला तर एकाच नावाखाली गाणे नोंदवणे ही दृष्टीच्या अपुरेपणाचीच खूण ठरते.

परंतु हा निष्कर्ष उतावीळपणे लावण्यात एक धोका आहे. सगळेच कारण आहे असे म्हटले की कोणीच कर्ता उरत नाही, आणि मग रात्री जागून ओळी खोडणाऱ्या, शब्द शोधणाऱ्या माणसाचे कष्टही त्या सर्वव्यापी कारणसमूहात विरून जातात. रॉबर्टसनवर असा अन्याय करणारे चाहते कमी नाहीत. दुसरा धोका याहून मोठा आहे. गीतेचा उपदेश अहंकार गळावा यासाठी आहे. फळाची वाटणी करण्याचे ते गणित नाही. कर्तेपणाचा अभिमान सोडावा, हे ज्याच्या नावे श्रेय लागले आहे त्याने स्वतःला सांगावयाचे असते. ज्याचे नाव गाळले गेले त्याला ते ऐकवणे म्हणजे अध्यात्माच्या आडून त्याचा हक्क बुडवणे होय. निरहंकारिता हे स्वतःपुरते व्रत आहे आणि न्याय हे दुसऱ्याविषयीचे कर्तव्य आहे. त्यांची अदलाबदल केली तर दोन्ही बिघडतात.

म्हणून या वादात तीन गोष्टी वेगळ्या ओळखणे भाग आहे. कर्तृत्व म्हणजे कृती घडवण्यातील प्रत्यक्ष व्यापार. तो कमीअधिक प्रमाणात अनेकांचा असतो आणि त्याचे प्रमाण अचूक मोजता येत नाही. स्वामित्व म्हणजे कृतीपासून येणाऱ्या फळावरील मान्य हक्क. तो समाजाने व्यवहारासाठी ठरवलेला असतो, त्याची टक्केवारी लावता येते आणि कायद्याने तो बदलता येतो. ऋण म्हणजे ज्यांच्यावाचून कृती झाली नसती त्यांच्याविषयीचे बंधन. त्याची टक्केवारी नसते, ते मुदतीने संपत नाही, आणि स्वामित्व संपले तरी ते उरते. बाखच्या संगीतावर आज कोणाचा मालकी हक्क नाही. पण फिशरचा ऑर्गन आणि हडसनचा ऑर्गन दोन्ही बाखचे ऋणी आहेत, आणि हे ऋण मान्य केल्याने त्यांचे कर्तृत्व तिळमात्र उणे होत नाही.

ऋणाची ही कल्पना स्वीकारली की हा वाद त्या पाच जणांपुरता मर्यादित ठेवता येत नाही. 'द नाइट दे ड्रोव्ह ओल्ड डिक्सी डाउन' हे अमेरिकन यादवी युद्धाच्या अखेरीस उद्ध्वस्त झालेल्या एका गरीब दक्षिणी शेतकऱ्याच्या तोंडी घातलेले गाणे आहे. ते टोरँटोत वाढलेल्या, मोहॉक आणि कयुगा या मूळनिवासी समाजांतील आईच्या पोटी जन्मलेल्या रॉबर्टसनने लिहिले. त्या काळाचा इतिहास-भूगोल समजावा म्हणून आपण त्याला ग्रंथालयात नेले होते, असे हेल्मने लिहून ठेवले आहे. सोळाव्या वर्षी अर्कान्सासला आलेल्या रॉबर्टसनला ती भूमी कथांच्या खाणीसारखी वाटली. हेल्मसाठी ते घरचे जगणे होते आणि म्हणून त्यात त्याला विशेष काही दिसत नव्हते. परक्याच्या दृष्टीशिवाय ते गाणे लिहिले गेले नसते, आणि घरच्याच्या कंठाशिवाय ते खरे वाटले नसते. मात्र हा विचार हेल्मपाशी थांबवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याचा ठेका मिसिसिपी नदीकाठच्या हेलेना शहरातील कृष्णवर्णी ब्लूज वादकांच्या संगीतावर पोसला होता. तेथील केएफएफए केंद्रावर १९४१ पासून प्रसारित होणाऱ्या कार्यक्रमातील सनी बॉय विल्यमसनचा माउथ ऑर्गन ऐकत तो मोठा झाला, आणि १९६५ मध्ये विल्यमसनच्या मृत्यूच्या थोडे आधी या मंडळींनी त्याच्याबरोबर वादनही केले. आपले नाव गाळले गेले म्हणून जो दाद मागतो, तोही ज्यांची नावे कोणत्याच वेष्टनावर आली नाहीत अशा अनेकांचा ऋणको असतो. यामुळे त्याची तक्रार खोटी ठरत नाही; ती अधिक मोठ्या प्रश्नाचा एक भाग ठरते.

मैफलींविषयीचा वादही याच अंगाने पाहता येतो. २५ नोव्हेंबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात मूळ संचाची निरोपाची मैफल झाली, आणि मार्टिन स्कॉर्सेसीने तिच्यावर केलेला 'द लास्ट वॉल्ट्झ' हा चित्रपट १९७८ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील ध्वनीचा बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून दुरुस्त केलेला आहे. 'द वेट' चे स्टेपल सिंगर्स या गायकसंचाबरोबरचे गाजलेले चित्रण तर त्या रात्रीचे नसून नंतर स्टुडिओत केलेले आहे. आणि कॅमेरा रॉबर्टसनवरच रेंगाळतो, मॅन्युएल जेमतेम दिसतो, अशी हेल्मची तक्रार होती. त्या रात्री प्रत्यक्षात काय वाजले, कोणता सूर मूळचा आणि कोणता मागाहून भरलेला, याचा चाहते जो कसून शोध घेतात त्यामागे केवळ अस्सलपणाची हौस नसते. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर राहिलेला माणूस त्या रात्री पियानोवर होता आणि गात होता, याची साक्ष त्यांना जपायची असते.

सर्व गाणी सर्वांच्या नावे लावणे हा उपाय काही संचांनी केला. 'द डोअर्स' ने आपल्या पहिल्या तीन अल्बमची मूळ गाणी संचाच्या नावे दिली, 'आर. ई. एम.' ने चौघांच्या नावे, आणि 'क्वीन' ने १९८९ च्या 'द मिरॅकल' पासून तीच रीत धरली. या रीतीने पैशांची भांडणे टळतात, संच टिकण्यास मदत होते आणि कोणाचे गाणे अल्बममध्ये घ्यायचे ही चढाओढ थांबते; म्हणजे स्वामित्वाचा प्रश्न ती उदारपणे सोडवते. पण चौघांची नावे एकसारखी छापली म्हणून शब्द कोणाचे आणि चाल कोणाची हे कुतूहल शमत नाही, आणि चाहते तेथेही तेवढ्याच आस्थेने विचारतात की हे नेमके कोणाला सुचले. समान वाटणीने न्याय होतो, पण कृतज्ञतेला विशिष्ट माणूस लागतो. सर्वांचे मिळून आभार मानले की ते कोणापर्यंतच नीट पोहोचत नाहीत.

या संदर्भात एका प्रत्यक्ष घडलेल्या भेटीची नोंद घेणे अगत्याचे आहे. १९६७ च्या सुमारास या संचाचा व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन याच्या निमंत्रणावरून बंगालमधील बाउल गायक पूर्ण दास आणि लक्ष्मण दास हे वुडस्टॉकला राहिले होते. डिलनच्या 'जॉन वेस्ली हार्डिंग' या अल्बमच्या मुखपृष्ठावर ते त्याच्या शेजारी दिसतात, आणि त्याच गुलाबी घराच्या तळघरात त्यांचे गायन हडसनने ध्वनिमुद्रित केले. ज्या छपराखाली श्रेयनावाचा हा दीर्घ वाद रुजत होता, त्याच छपराखाली कर्त्याचे नाव निराळ्या रीतीने वागवणारी एक परंपरा गाऊन गेली. बाउल पदात रचनाकाराचे नाव गाण्याच्या शेवटच्या ओळींत गुंफलेले असते, त्याला भणिता म्हणतात. मराठी अभंगातील नाममुद्रा तीच. असे नाव गाण्याबरोबर तोंडातोंडी प्रवास करते, गाणारा प्रत्येक जण ते उच्चारतो, आणि त्या नावावरून कोणी कोणाला गाण्याची बंदी करत नाही. या परंपरेलाही तिचे प्रश्न आहेत. नामदेवांच्या गाथेत नंतरच्या काळातील, नामा हीच मुद्रा वापरणाऱ्या कवींचे अभंग मिसळले, आणि ते वेगळे करण्यात अभ्यासकांना मोठे श्रम पडले. तरीही तिने एक गोष्ट मोठ्या समजुतीने सांभाळली. अभंगाच्या अखेरीस नाव एकट्या तुकोबांचे येते. पण वारकरी परंपरेने त्यांचे चौदा टाळकरी विस्मरणात जाऊ दिले नाहीत, आणि अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे यांचे नाव तर आजही आदराने घेतले जाते. टाळकऱ्यांनी अभंग रचले असे कोणी म्हणत नाही, अभंगाच्या मालकीत त्यांचा वाटाही कोणी काढत नाही. मात्र त्यांच्यावाचून ते कीर्तन उभे राहिले नसते, हे सांगितले जाते. कर्तृत्व आणि ऋण यांची गल्लत न करता दोन्ही राखण्याची ही रीत आहे. अर्थात त्या व्यवहारात पैसा नव्हता. जेथे तो आहे तेथे केवळ स्मरणावर भागत नाही, आणि ठेका धरणाऱ्या हातालाही फळाचा वाटा देणारे करार व कायदे असलेच पाहिजेत.

रॉबर्टसन २०१२ च्या एप्रिलमध्ये अंथरुणाला खिळलेल्या हेल्मला रुग्णालयात भेटला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९ एप्रिलला, हेल्मचे निधन झाले. रॉबर्टसन २०२३ मध्ये गेला आणि हडसन २०२५ च्या आरंभी. मॅन्युएल आणि डॅन्को त्याआधीच गेले होते. वादी नाही, प्रतिवादी नाही आणि साक्षीदारही नाही. स्वामित्वाचा प्रश्न आता वारसांच्या कागदपत्रांपुरता उरला आहे, आणि कर्तृत्वाचे नेमके प्रमाण कोणालाच सांगता येणार नाही. तरीही चाहत्यांची चर्चा थांबलेली नाही, कारण तिचा खरा विषय ऋण हा आहे, आणि ऋण ऐकणाऱ्यावरही असते. ज्या गाण्याने एखाद्याचे जगणे सुसह्य केले, ते कोणकोणत्या हातांतून आले हे त्या माणसाने जाणून घेणे, म्हणजे त्या ऋणाची यथाशक्ती फेड होय. मात्र ही फेड तेव्हाच प्रामाणिक ठरते, जेव्हा एकाचे नाव मोठे करण्यासाठी दुसऱ्याचे खोडले जात नाही. रॉबर्टसनला चोर ठरवणारा चाहता आणि हेल्मला केवळ साथीदार ठरवणारा चाहता हे दोघेही न्यायाधीशाच्या आसनावर बसण्याच्या नादात ऋणकोची जागा सोडतात. ज्याला खरेच फेड करायची आहे त्याने शब्द रॉबर्टसनचे होते हे सांगावे, कंठ हेल्मचा होता हे सांगावे, हडसनच्या ऑर्गनचे आणि मॅन्युएलच्या चालींचे नाव घ्यावे, डॅन्कोचा स्वर ओळखावा, आणि हेलेनाच्या त्या कृष्णवर्णी वादकांपर्यंत मागे जावे. अशी चर्चा कधी निकालापर्यंत पोहोचणार नाही; पण तिने प्रत्येक पिढीत काही गाळलेली नावे परत आणली, तर तेवढ्यानेही तिचे प्रयोजन सार्थ होते.